अटलांटा मोहिमेचे रस्त्याकडेचे फलक: कोणत्या क्रमाने बघायचे, कुठे थांबायचं आणि कसे वाचायचे

जॉर्जियातल्या मराठी घरी पाहुणे आले की केनेसॉ डोंगराची एक चक्कर ठरलेली असते. जाता-येता रस्त्याच्या कडेला खांबावरचे हिरवे, ओतीव धातूचे फलक दिसतात. गाडी थांबते, फोटो निघतो, कुणीतरी दोन ओळी मोठ्याने वाचतं आणि गाडी पुढे निघते. संध्याकाळी विचारा, नक्की काय झालं होतं तिथे? कुणालाच सांगता येत नाही.

यातले बरेच फलक अटलांटा मोहिमेचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या (केंद्र सरकारच्या) सैन्याने दक्षिणेच्या (फुटून निघालेल्या राज्यांच्या) सैन्याला मागे रेटत अटलांटा घेतलं, ती ही मोहीम. फलक आपल्याला रस्त्याच्या क्रमाने भेटतात. मोहीम मात्र तारखांच्या क्रमाने घडली होती आणि हे दोन क्रम फारच कमी ठिकाणी जुळतात. मीही पहिल्यांदा हेच चुकलो. अमरावतीहून मामा आले होते, निवृत्त शिक्षक. सोयीचं म्हणून मी त्यांना अटलांटा शहरापासून सुरुवात करून उत्तरेला डाल्टनपर्यंत नेलं. रेसाकाला त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "अरे, काल हा हूड सगळ्या सैन्याचा सेनापती होता. आज तो नुसत्या एका कोरचा प्रमुख कसा झाला?" (हूड हा दक्षिणेचा जनरल, आणि कोर म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग.) मी त्यांना अख्खी मोहीम उलटी दाखवली होती. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले तेव्हा आम्ही ती सुलट केली. खाली दिलेली पद्धत त्या दुसऱ्या फेरीची आहे, पुढच्या बऱ्याच फेऱ्यांत सुधारलेली.

टप्पा १: घरी बसून तारखांचं एक पान तयार करा

यादवी युद्धाचे सगळे फलक एकदम बघायला जाऊ नका. एकच मोहीम धरा. अटलांटा मोहीम मे ते सप्टेंबर १८६४ या चार महिन्यांत, एका रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला घडली, म्हणून नवख्याला हीच सोपी. कागदावर हे उतरवून घ्या आणि गाडीत समोर ठेवा:

७ ते १३ मे: डाल्टनजवळचा रॉकी फेस डोंगर
९ मे: मॅकफर्सन स्नेक क्रीक खिंडीतून रेसाकाच्या तोंडाशी येतो आणि मागे फिरतो
१३ ते १५ मे: रेसाका
१७ मे: अ‍ॅडेअर्सव्हिल
१९ मे: कॅसव्हिल
२५ मे: न्यू होप चर्च
२७ मे: पिकेट्स मिल
२८ मे: डॅलस (जॉर्जियातलं, टेक्ससमधलं नव्हे)
१४ जून: पाइन माउंटन, दक्षिणेचा जनरल पोल्क ठार
२२ जून: कोल्ब्ज फार्म
२७ जून: केनेसॉ डोंगर
८ जुलै: शर्मनच्या फौजा चॅटाहूची नदी ओलांडायला सुरुवात करतात
१७ जुलै: जॉन्स्टनला हटवून हूड सेनापती
२० जुलै: पीचट्री क्रीक
२२ जुलै: अटलांटा, मॅकफर्सन ठार
२८ जुलै: एझ्रा चर्च
ऑगस्टचा पहिला आठवडा: युटॉय क्रीक
३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर: जोन्सबरो
२ सप्टेंबर: महापौर जेम्स कॅल्हून शहर स्वाधीन करतात

पानाच्या मागच्या बाजूला माणसं लिहा. उत्तरेकडून शर्मन, त्याच्या हाताखाली थॉमस, मॅकफर्सन आणि स्कोफील्ड यांच्या तीन फौजा. दक्षिणेकडून आधी जॉन्स्टन, १७ जुलैनंतर हूड.

*इशारा:* दोन्हीकडच्या एकेका फौजेचं नाव जवळजवळ सारखं आहे. दक्षिणेची 'आर्मी ऑफ टेनेसी', उत्तरेची 'आर्मी ऑफ द टेनेसी'. पहिलं नाव राज्यावरून पडलं, दुसरं नदीवरून. शर्मनच्या तिन्ही फौजांना नद्यांचीच नावं होती: कंबरलंड, टेनेसी आणि ओहायो. मधला तो 'द' निसटला तर कोण कुणावर चालून गेलं हेच उलटं समजतं. त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करून ठेवा.

टप्पा २: फलकांची यादी करा आणि परक्या तारखांचे फलक वेगळे काढा

'हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस' या संकेतस्थळावर बहुतेक फलकांचा पूर्ण मजकूर, फोटो आणि नकाशावरची जागा मिळते. जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीची स्वतःची सूचीही ऑनलाइन आहे. निघण्याआधी दोन्हीकडे बघा. एखादा फलक अपघातात पडलेला किंवा रस्ता रुंद करताना काढून ठेवलेला असेल तर ती नोंद बऱ्याचदा तिथे सापडते.

फलकाच्या खालच्या कडेला क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे काउंटीचे (जिल्ह्याचे): कटूसा ०२३, व्हिटफील्ड १५५, गॉर्डन ०६४, बार्टो ००८, पॉल्डिंग ११०, कॉब ०३३, फुल्टन ०६०, डीकॅल्ब ०४४, क्लेटन ०३१. जॉर्जियातल्या १५९ काउंट्यांच्या वर्णानुक्रमे हे आकडे दिलेले आहेत. यादी काउंटीवार लावायला त्यांचा उपयोग होतो, पण मोहिमेच्या क्रमाशी त्यांचा काही संबंध नाही. क्रमांकाने लावाल तर बार्टो आधी येईल आणि व्हिटफील्ड सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात मोहिमेची पहिली लढाई व्हिटफील्डमध्येच झाली होती.

आता प्रत्येक फलकापुढे तारीख लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, कारण एकाच रेल्वेमार्गावर वेगवेगळ्या सालांचे फलक मिसळलेले आहेत. तीन सापळे नेहमीचे:

रिंगगोल्डच्या खिंडीतली लढाई नोव्हेंबर १८६३ ची आहे, म्हणजे मोहिमेच्या आधीची.

रेल्वेच्या कडेने 'जनरल' नावाच्या इंजिनाचे बरेच फलक आहेत. उत्तरेच्या हेरांनी ते बिग शँटीहून, म्हणजे आजच्या केनेसॉहून, पळवलं १२ एप्रिल १८६२ ला. ती गोष्टच वेगळी. (इंजिन आज केनेसॉच्या संग्रहालयात आहे. मुलं बरोबर असतील तर जरूर दाखवा, फक्त त्या दिवशी मोहिमेच्या गोष्टीत मिसळू नका.)

तिसरा सापळा अलाटूना खिंडीचा. तिथली लढाई ५ ऑक्टोबर १८६४ ची, अटलांटा पडल्यानंतरची. मे महिन्यात शर्मनने ही खिंड मुद्दाम टाळली होती. इंटरस्टेट ७५ महामार्गाने उत्तरेकडून येणाऱ्याला अलाटूना कार्टर्सव्हिलनंतर लगेच लागतं, म्हणून जवळजवळ प्रत्येकजण ती लढाई मेमध्ये घुसडतो.

*तपासणी:* यादीत १८६४ च्या मे ते सप्टेंबरबाहेरची तारीख दिसली तर त्या ओळीवर काट मारा. हे फलक वेगळ्या सहलीसाठी ठेवा.

टप्पा ३: मार्ग आखा, इंटरस्टेट विसरा

तीन दिवस हवेत. दोन दिवसांत होतं, पण शेवटी शेवटी फलक नुसते मोजले जातात.

पहिला दिवस टनेल हिलपासून अ‍ॅडेअर्सव्हिलपर्यंत. जुना यूएस ४१ रस्ता धरा. वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वे याच पट्ट्यातून जाते आणि लढाईचं सगळं कारण ती रेल्वे होती: शर्मनचं धान्य आणि दारूगोळा तिच्यावरूनच येत होता. मोहिमेच्या वाटेवर रिंगगोल्ड, रॉकी फेस, रेसाका, कॅसव्हिल आणि न्यू होप चर्च इथे १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेल्या पाच छोट्या दगडी थांब्याच्या जागा आहेत. गाडी लावायला सोय असल्यामुळे मुक्काम ठरवताना त्या खुंट्यांसारख्या धरा आणि बाकीचे फलक त्यांच्या अवतीभवती बसवा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त लोक चुकतात. कॅसव्हिलनंतर ४१ वरून सरळ दक्षिणेला जायचं नाही. शर्मनने २३ मे च्या सुमारास रेल्वे सोडली आणि तो नैर्ऋत्येला डॅलसकडे वळला. तुम्हीही तसेच वळा. न्यू होप चर्च, पिकेट्स मिल आणि डॅलस बघा, मग परत पूर्वेला रेल्वेकडे या आणि केनेसॉ गाठा. हे वळण चुकवलंत तर मे महिन्याचा शेवटचा आठवडाच तुमच्या वहीतून गळतो.

केनेसॉच्या राष्ट्रीय उद्यानात आणखी एक पेच आहे. माहिती केंद्र उत्तरेच्या टोकाला, कोल्ब्ज फार्म दक्षिणेच्या टोकाला. सगळे उत्तरेकडून आत शिरतात, म्हणून २७ जून आधी वाचतात आणि २२ जून नंतर. आधी पश्चिमेला पाइन माउंटन करा, मग कोल्ब्ज फार्म, मग चीथम हिल आणि शेवटी मुख्य डोंगर. पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण जॉन्स्टनची फळी कशी लांबत गेली आणि शर्मनने शेवटी समोरून हल्ला का केला, हे या क्रमानेच समजतं. त्या हल्ल्यात उत्तरेची सुमारे ३,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली, दक्षिणेची सुमारे १,०००.

तिसरा दिवस शहराचा. इंटरस्टेट २८५ वरून एका दिशेने गोल फिरायचा मोह टाळा. लढाया उत्तरेला (पीचट्री क्रीक), मग पूर्वेला (२२ जुलै), मग एकदम पश्चिमेला (एझ्रा चर्च), नैर्ऋत्येला (युटॉय क्रीक) आणि शेवटी दक्षिणेला (जोन्सबरो) झाल्या. पूर्वेहून पश्चिमेला जाताना शहर ओलांडावंच लागतं. शर्मननेही पूर्वेची फौज उचलून शहराला वळसा घालून पश्चिमेला नेली होती.

*ऋतूबद्दल:* नोव्हेंबर ते मार्च उत्तम. पानं गळलेली असतात, म्हणून जमिनीचे उतार आणि मातीचे जुने बांध दिसतात. जुलैत आलात तर फलकामागे फक्त हिरवी भिंत दिसेल.

टप्पा ४: गाडी कुठे लावायची

हे छोटं आहे, पण यात जीव जाऊ शकतो. बरेचसे फलक १९५० च्या दशकात उभारलेले आहेत, तेव्हाच्या वाहतुकीच्या हिशोबाने. आज त्यांच्यासमोर चार-चार लेन आहेत आणि कडेला थांबायला जागा नाही. फलक दिसला म्हणून ब्रेक मारू नका. पुढे जा, चर्च, पंप किंवा दुकानाच्या आवारात विचारून गाडी लावा आणि चालत मागे या. लहान मुलांचा हात सोडू नका.

रेल्वेच्या रुळांवरून चालू नका. ही ऐतिहासिक रेल्वे बंद पडलेली नाही. रूळ राज्याच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्यावरून सीएसएक्स कंपनीच्या मालगाड्या रोज धावतात.

खांबाशी तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका. ती पॉयझन आयव्ही असते, खाज आठवडाभर पुरते. पावसाळी दिवसांनंतर गवतात गोचीड असतात, म्हणून पायात मोजे आणि लांब पँट हवीच.

टप्पा ५: फलक खालून वर वाचा

आता मुख्य काम. आपण सवयीने शीर्षकापासून सुरुवात करतो. तसं करू नका. हा क्रम ठेवा.

आधी खालची ओळ: क्रमांक, फलक उभारणारी संस्था आणि उभारणीचं साल. 'जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशन' आणि पन्नाशीतलं साल असेल, तर तो लढाईनंतर नव्वद वर्षांनी आणि नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन काळात लिहिलेला मजकूर आहे. हे कमिशन १९५१ मध्ये स्थापन झालं. अटलांटा मोहिमेच्या पुष्कळ फलकांचा मजकूर विल्बर कर्ट्झ यांनी लिहिला. ते चित्रकार होते आणि एकेक शेत पायी फिरून त्यांनी फौजांच्या जागा ठरवल्या. कोणती ब्रिगेड कोणत्या ओढ्याशी होती याबाबत या फलकांवर मी निर्धास्त विसंबतो. युद्ध का झालं याबाबत मात्र नाही, कारण गुलामगिरी हा शब्द त्यांच्यावर शोधूनही क्वचितच सापडतो. १९९८ पासून फलक उभारण्याचा कार्यक्रम जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. तिने युद्धाच्या दीडशेव्या वर्षाच्या सुमारास लावलेले फलक वेगळं बोलतात. डाल्टनला कृष्णवर्णीय सैनिकांच्या लढाईचा फलक आहे. गुलामांना शस्त्रं द्यावीत असा प्रस्ताव दक्षिणेच्याच जनरल क्लेबर्नने जानेवारी १८६४ मध्ये मांडला होता, त्याचाही आहे. जुना आणि नवा फलक एकाच दिवशी वाचा.

दुसरं, तारीख. ती तुमच्या पानावर शोधा आणि बोट ठेवा. फलकावर नुसताच महिना आणि दिवस असेल तर साल स्वतः लिहा.

तिसरं, बाजू. कर्ट्झ यांच्या फलकांवर नावापुढे चौकटी कंसात खुणा असतात: 'सीएस' म्हणजे कॉन्फेडरेट (दक्षिण), 'एफ' म्हणजे फेडरल (उत्तर). 'ए.सी.' म्हणजे आर्मी कोर. खूण नसेल तर एक सोपा नियम लावा. कोरला आकडा असेल (चौथी, चौदावी, विसावी) तर ती उत्तरेची. कोरला माणसाचं नाव असेल (हार्डी, हूड, पोल्क) तर ती दक्षिणेची.

चौथं, नावं बदलतात. पोल्क १४ जूनला तोफेच्या गोळ्याने गेला, मग त्याची कोर काही दिवस लोरिंगची आणि जुलैपासून स्ट्युअर्टची. तीन फलकांवर तीन नावं, कोर तीच. हूड वर गेल्यावर त्याची कोर चीथमकडे आणि मग एस. डी. लीकडे गेली. उत्तरेकडे २२ जुलैला मॅकफर्सन पडला, तेव्हा त्याच्या फौजेचा ताबा लोगनने घेतला आणि आठवड्याच्या आत ती हॉवर्डकडे गेली. मामांचा हूडबद्दलचा प्रश्न इथेच सुटला.

पाचवं आणि सगळ्यात दुर्लक्षित: दिशा आणि अंतर. मजकुरात 'इथून अर्धा मैल पूर्वेला' किंवा 'या रस्त्याने' असे शब्द शोधा. बहुसंख्य फलक घटनेच्या जागेवर नसतात. तिथे जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर असतात. फलकाशी उभं राहून "इथेच झालं" असं पाहुण्यांना सांगणं ही सर्वांत मोठी चूक. शिवाय फलक हलवले जातात. रस्ता वळला, चौक बदलला, की खांब शंभर-दोनशे फूट सरकतो आणि 'इथून' हा शब्द खोटा पडतो.

*तपासणी:* पुढच्या फलकाकडे निघण्याआधी बरोबरच्या माणसाला एका वाक्यात सांगा: कोण, कधी, कुठून कुठे. जमलं नाही तर परत वाचा.

टप्पा ६: फलकाकडे पाठ करा

वाचून झालं की बहुतेक लोक गाडीकडे वळतात. तुम्ही फलकाकडे पाठ करून उभे राहा आणि फोनमधलं होकायंत्र काढा. उत्तर कुठे? शर्मन साधारण तिकडून येतोय. उंच जागा कुठे? जॉन्स्टन बहुधा तिथे. ओढा कुठे? दोघांच्या मधे.

पीचट्री क्रीकची लढाई आज सुंदर घरांच्या वस्तीत आहे. कॉलियर रोडच्या परिसरात हिरवळी, टपालपेट्या, खेळणारी मुलं. त्या सगळ्यात फलक उभे. गाडीतून काहीच कळत नाही. टॅनयार्ड क्रीकच्या बागेत उतरा आणि ओढ्यापासून वर रस्त्याकडे चालत जा. चढ मांड्यांना लागतो. उत्तरेचे सैनिक ओढा मागे टाकून याच टेकड्यांवर चढत होते आणि त्यांची फळी नीट लागायच्या आत हूडने दक्षिणेकडून हल्ला केला. हे पाय सांगतात, फलक नाही.

पूर्व अटलांटात मॅकफर्सन पडला तिथे घरांच्या मधोमध, दोन छोट्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, तोंड वर करून रोवलेल्या तोफेची नळी आहे. थोड्या अंतरावर ग्लेनवुड रस्त्याला तशीच दुसरी, त्याच दिवशी मारल्या गेलेल्या दक्षिणेच्या जनरल वॉकरची. दोन्ही पायी बघा. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. मधली बरीचशी रणभूमी इंटरस्टेट २० खाली गेली आहे.

*इशारा:* राष्ट्रीय उद्यानात धातुशोधक यंत्र वापरणं किंवा जमिनीतून गोळी, बटण, काहीही उचलणं हा गुन्हा आहे. मातीच्या बांधांवर चढूही नका, ते पावलांनी झिजतात. खासगी अंगणात शिरायचं नाही, फलक कुंपणाला लागून असला तरी.

टप्पा ७: वहीत काय उतरवायचं

प्रत्येक फलकाचे तीन फोटो घ्या: पूर्ण मजकूर, खालची ओळ जवळून आणि फलकामागचा देखावा. तिसरा फोटो सगळे विसरतात आणि घरी आल्यावर तोच लागतो. दुपारच्या उन्हात उठावाची अक्षरं चमकून वाचता येत नाहीत, थोडं बाजूने उभं राहा. अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, रंग उडतो.

वहीत चार गोष्टी पुरेत: तारीख, बाजू, दिशा आणि तुम्हाला न कळलेला शब्द. रॉसवेलच्या आमच्या फेरीत मामांनी चौथ्या रकान्यात 'गिरणी कामगार बायका?' एवढंच लिहिलं. जुलै १८६४ मध्ये तिथल्या कापड गिरणीतल्या सुमारे ४०० कामगारांना, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडून उत्तरेला पाठवलं गेलं. वऱ्हाडातल्या कापसाच्या गावात वाढलेला माणूस त्या ओळीपाशी बराच वेळ थांबला. याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला आणि त्यांच्या गावच्या कापसाला भाव आला, हे ते वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या दिवशी आम्ही पुढचे दोन फलक सोडून दिले.

फलक जागेवर नसला तर

असं होणारच. आधी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघा, मग पुढच्या-मागच्या चौकात. नुसता खांब उभा असेल किंवा फलक वाकलेला, तडकलेला असेल तर फोटो काढा, नकाशावरची जागा जतन करा आणि यादीतला क्रमांक घालून जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीला कळवा. मजकूर टप्पा २ मधल्या संकेतस्थळावर सापडेल. तो तिथेच, रिकाम्या खांबाशी उभं राहून वाचा आणि मग पुढच्या तारखेकडे निघा.